अंगावरील फोड व मनांतील भीति

माणसाच्या अंगावर फोड दिसूं लागले म्हणजे घरच्या मंडळींच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हा रोग कोणता, हा पहिला. आणि तो आपल्याला तर होणार नाहीं ना, हा दुसरा. पहिला प्रश्न सर्वजण बोलून दाखवितात. दुसरा कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण त्याचा परिणाम तत्काळ दिसतो. आजाऱ्याचें ताट वेगळें होतें, त्याचें अंथरूण पडवींत जातें, त्याच्या हातचें पाणी घेण्यास शेजारी कांकूं करितात, आणि शाळेंत त्याच्या बाकावर बसावयास कोणी तयार होत नाहीं.

ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १९७५ सालापर्यंत देवीचा रोग आपल्या देशांत होता, व एका घरांत शिरलेली देवी गल्लीभर फिरत असे. कांजिण्या आणि खरूज हे विकार आजही एकापासून दुसऱ्यास होतात. परंतु सगळे फोड एका जातीचे नव्हेत. ज्या फोडांविषयीं आम्ही येथें लिहिणार आहोंत, ते कोणापासून आलेले नसतात व कोणाकडे जातही नाहींत. रोग्याच्या स्वतःच्याच शरीरानें ते उत्पन्न केलेले असतात. हें ज्या घरीं माहीत नसतें, तेथें रोग्यास दूर लोटलें जातें आणि वैद्याकडे नेण्यास उशीर होतो. ह्या दोन्ही गोष्टी टळाव्या, एवढ्याच हेतूनें हा लेख आहे.

प्रथम शरीरांतील राखणदारीची व्यवस्था ध्यानांत घेऊं. बाहेरून रोगजंतु शिरला म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं पेशी त्याच्याविरुद्ध एक पदार्थ तयार करितात. त्यास प्रतिपिंड म्हणतात. ज्याप्रमाणें एका कुलपास एकच किल्ली लागते, त्याप्रमाणें एक प्रतिपिंड एका ठराविक शत्रूलाच जाऊन चिकटतें. लस टोचल्यानें रोग टळतो तो ह्याच व्यवस्थेमुळें. एरव्हीं ही व्यवस्था आपलें कोण व परकें कोण हें अचूक ओळखते. परंतु क्वचित् एकाद्या शरीरांत ही ओळख बिघडते, आणि राखणदार आपल्याच घरावर चाल करून जातो. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार. अशा विकारांस स्वयंप्रतिकार विकार असें नांव आहे. हा मारा कोणाच्या सांध्यांवर होतो, कोणाच्या गळ्यांतील ग्रंथीवर होतो, आणि कांहीं थोड्या लोकांच्या त्वचेवर होतो.

त्वचेवरील मारा नेमका कोठें होतो, हें समजण्यास आपल्याकडील घराची भिंतच डोळ्यांपुढें आणावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, व हजारों माणसें घरांखालीं सांपडून मृत्यु पावलीं. तेथील भिंती चांगल्या जाडजूड दगडांच्या होत्या. दगड फुटले नाहींत. परंतु दगडांस दगड सांधणारी जी माती, तिनें दगा दिला. आपल्या त्वचेची घडण अशाच भिंतीसारखी आहे. वरच्या थरांतील पेशी हे दगड होत. ह्या पेशींस परस्परांशीं बांधून ठेवणारा जो पदार्थ, त्यास शास्त्रज्ञ डेस्मोग्लीन म्हणतात. तो भिंतींतील माती होय. आणि हा सगळा वरचा थर खालच्या थरावर ज्या पातळ पडद्यानें बसविलेला असतो, तो पडदा म्हणजे भिंतीचें जोतें. प्रतिपिंडांनीं मातीवर हल्ला केला तर एक रोग होतो. जोत्यावर केला तर दुसरा. दोन्ही ठिकाणीं पेशी शाबूत असतात, पण सांधा सुटतो, पोकळी पडते, तींत पाणी भरतें, आणि फोड उठतो.

मातीवरील हल्ल्यानें होणाऱ्या रोगास पेंफिगस म्हणतात. फोड किंवा बुडबुडा ह्या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून हें नांव आलें आहे. भारतांत ह्या वर्गाच्या विकारांत हाच अधिक आढळतो, व तो बहुधा ऐन उमेदीच्या वयांत, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, स्त्रीपुरुष दोघांसही होतो. त्याच्या नेहमींच्या प्रकारांत आरंभ अंगावर नसून बहुतेक वेळां तोंडांत असतो. गालांच्या आंतल्या बाजूस, हिरड्यांवर व टाळूवर जखमा पडतात, आणि तिखट तर राहोच, पण साधी भाकरी गिळणेंही कठीण होतें. आपल्याकडे ह्याला “तोंड आलें” असें म्हणून सोडून देतात. अंगांत उष्णता झाली असें समजून कोणी गुलकंद खातो, कोणी जाईचा पाला चावतो. साधें तोंड येणें आठ-पंधरा दिवसांत बरें होतें, त्यामुळें ह्या उपायांस यश आल्यासारखें वाटतें. पेंफिगसच्या जखमा मात्र महिनोन्महिने राहतात. पुढें छातीवर, पाठीवर, डोक्यांत लुळे फोड येतात. त्यांचें कवच इतकें पातळ असतें कीं अंगरख्याच्या घर्षणानेंही ते फुटतात, व भाजल्यासारखी ओली, लालभडक जागा उघडी पडते. तेव्हां कोणी ती नागीण समजून गेरूचा लेप देतो, कोणी मंत्र घालतो. नागीण ही खरोखर कांजिण्यांच्याच विषाणूपासून होते, ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी उठते, व कांहीं आठवड्यांत ओसरते. हा रोग तसा ओसरत नाहीं.

ह्याच रोगाच्या दुसऱ्या एका प्रकारांत सांधा त्वचेच्या अगदीं वरच्या भागांत सुटतो. तोंड सुटें राहतें. अंगावर मात्र पापुद्रे व खपल्या धरतात. ब्राझील देशाच्या कांहीं ग्रामीण भागांत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अंगाची आग आग होते म्हणून तेथील लोक त्यास “रानवणवा” ह्या अर्थाच्या नांवानें ओळखतात, व तेथील एका चावऱ्या काळ्या माशीशीं त्याचा संबंध असावा असें संशोधकांचें मत आहे. तिसरा, अत्यंत विरळा असा प्रकार १९९० सालीं प्रथम वर्णिला गेला. त्यांत शरीरांत कोठें तरी गांठ किंवा कर्करोग दडलेला असतो.

आतां जोत्याचा रोग. त्याचें नांव पेंफिगॉइड, म्हणजे पेंफिगससारखा दिसणारा. हा मुख्यतः साठी-सत्तरी उलटलेल्या वृद्धांस होतो. येथें वरचा थर अखंडच्या अखंड सुटत असल्यामुळें फोडाचें कवच जाड असतें; फोड टरटरीत भरलेला राहतो व लवकर फुटत नाहीं. फोड येण्यापूर्वीं कित्येक आठवडे, कधीं महिने, अंगास विलक्षण खाज सुटते. आजोबांची ही खाज म्हातारपणाची म्हणून घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतें. ह्याचाच एक प्रकार गर्भवतीस होतो. तो बहुधा बेंबीभोंवतीं सुरू होऊन प्रसूतीनंतर ओसरतो. आणखी एका प्रकारांत तोंडाच्या व डोळ्यांच्या आंतील नाजूक त्वचेवर व्रण धरतात. त्यांत वेळेवर उपचार न झाल्यास दृष्टि जाण्याची भीति असते.

विद्यार्थ्यांच्या वयाशीं संबंध असलेला एक प्रकार सांगितला पाहिजे. लहान मुलांत, बहुधा शाळेंत जाण्यापूर्वींच्या वयांत, पोटाच्या खालच्या भागावर, मांड्यांवर व तोंडाभोंवतीं फोड येतात. जुन्या फोडाच्या कडेनें नवे फोड मोत्यांच्या सरासारखे गोल मांडलेले दिसतात. हा विकार कांहीं वर्षांत आपोआप निघून जाण्याचा पुष्कळ संभव असतो. त्यावर डॅप्सोन हें औषध चांगलें लागू पडतें. हें औषध कुष्ठरोगावरही देतात, व तेवढ्यावरून “मुलाला महारोग झाला” अशी कुजबुज उठण्याचा संभव असतो. एकच औषध दोन निराळ्या रोगांस चालतें, म्हणून ते दोन रोग एक होत नाहींत.

डॅप्सोनचा उपयोग होणारा आणखी एक विकार फिलाडेल्फियाच्या लुई ड्युरिंग ह्या त्वचावैद्यानें १८८४ सालीं वर्णिला. त्यांत कोंपरें, गुडघे व कुल्ले ह्यांवर बारीक, अतिशय खाजरे फोड येतात. त्याचें मूळ गव्हांतील व सातूंतील ग्लूटेन नांवाच्या चिकट द्रव्यांत आहे. ह्याच चिकटपणामुळें कणकेची पोळी लाटतां येते. ज्वारींत हें द्रव्य नाहीं, म्हणून भाकरी थापावी लागते. अशा रोग्यास गहूं वर्ज्य करावा लागतो. मराठवाड्याची ज्वारीची भाकरी त्यास खुशाल चालते. हा विकार आपल्याकडे विरळा आहे, आणि इतर फोड गहूं सोडल्यानें बरे होत नाहींत, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

इतके प्रकार दिसण्यांत जवळजवळ सारखे असतां ते निराळे कसे ओळखले गेले? १८९६ सालीं निकोल्स्की ह्या रशियन वैद्यानें दाखविलें कीं, पेंफिगसच्या रोग्याची वरवर निरोगी दिसणारी त्वचाही बोटानें दाबून सरकविली असतां वरचा पदर सुटून येतो. (ही परीक्षा वैद्यानेंच करावयाची आहे, मुलांनीं नव्हे.) १९४७ सालीं फ्रान्समधील झांक ह्यानें फोडाचा तळ खरवडून, सुट्या झालेल्या गोल पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची सोपी रीति प्रसिद्ध केली. १९५३ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर लीव्हर ह्यांनीं सिद्ध केलें कीं, सांधा पेशी-पेशींमध्यें सुटतो कीं त्यांच्या खालीं, ह्यावरून हे दोन रोग स्वतंत्र मानले पाहिजेत. तथापि सांधा सुटतो कां, हें अद्याप गूढ होतें. तें १९६४ सालीं अर्न्स्ट ब्यूट्नर व रॉबर्ट जॉर्डन ह्यांनीं उकललें. चमकणारा रंग वापरून त्यांनीं रोग्याच्या रक्तांतील प्रतिपिंडें पेशींच्या सांध्यांवर बसलेलीं प्रत्यक्ष दाखविलीं. १९८२ सालीं अशा रोग्यांचीं प्रतिपिंडें उंदरांच्या नवजात पिलांस टोंचलीं असतां पिलांच्या अंगावर तसेच फोड उठले. पेंफिगस झालेल्या मातेच्या अर्भकालाही जन्मतः कधीं कधीं फोड असतात. पण मातेकडून आलेलीं प्रतिपिंडें संपलीं कीं कांहीं आठवड्यांत ते नाहींसे होतात व बाळ निरोगी राहतें. ह्याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? येथें जंतु नाहीं, विषाणु नाहीं. म्हणून स्पर्शानें, कपड्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें हा रोग जडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

हे रोग दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ, हें विद्यार्थ्यांनीं गणितानें पहावें. केरळांतील त्रिचूर जिल्ह्यांत झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पेंफिगसचे नवे रोगी वर्षाला दर दहा लाखांमागें ४.४ आढळले. २०११ च्या जनगणनेप्रमाणें नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ व लातूर जिल्ह्याची २४,५४,१९६ होती. दोहोंची बेरीज सुमारें ५८ लाख. तेंच प्रमाण येथें धरलें, तर ह्या दोन जिल्ह्यांत वर्षाला सुमारें २५ माणसांस हा रोग नव्यानें होईल. हा केवळ अदमास आहे, मोजणी नव्हे. तरीही त्यावरून एक गोष्ट कळते: गांवच्या डॉक्टरास दहा-दहा वर्षांत असा एकही रोगी न दिसणें शक्य आहे, म्हणून त्यास तो पहिल्या भेटींत ओळखतां आला नाहीं तर नवल नाहीं. पण एका वर्षांत पंचवीस घरें म्हणजे पंचवीस चुली, पंचवीस संसार. त्यांच्या दृष्टीनें रोग दुर्मिळ असला काय आणि नसला काय, सारखेंच.

उपचारांचा इतिहास मात्र धीर देणारा आहे. पूर्वीं पेंफिगस झालेले बहुतेक रोगी कांहीं वर्षांच्या आंतच दगावत. उघड्या पडलेल्या त्वचेंतून शरीरांतील पाणी व सत्त्व झिरपून जाई, आणि जंतु आंत शिरून रक्त दूषित करीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता, व मोठ्या दुखण्यासाठीं हैदराबादची वाट धरावी लागे. परंतु तेथेंच काय, जगांत कोठेंही ह्या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. त्याच १९४८ सालीं अमेरिकेंत कॉर्टिसोन हें द्रव्य सांधेदुखीच्या रोग्यास प्रथम देण्यांत आलें, व १९५० सालीं त्या संशोधनास नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या जातीच्या औषधांस स्टेरॉइड म्हणतात. त्यांनीं बेभान झालेल्या राखणदारांस आवर बसला व मृत्यूचें प्रमाण एकदम उतरलें. परंतु मोठ्या मात्रेनें दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा असे नवे त्रास उद्भवूं लागले.

ह्यावर मार्ग काढण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच देशांत झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील डॉ. जे. एस. पसरिचा ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यासह १९८४ सालीं पेंफिगसवरील एक नवी पद्धति प्रसिद्ध केली. दर २८ दिवसांनीं सलग तीन दिवस डेक्सामेथासोन हें स्टेरॉइड शिरेंतून द्यावयाचें, त्यांपैकीं एका दिवशीं त्याबरोबर सायक्लोफॉस्फामाइड द्यावयाचें, आणि मधल्या काळांत त्या दुसऱ्या औषधाची लहान गोळी रोज चालूं ठेवावयाची. रोज स्टेरॉइड घेण्याची गरज त्यामुळें हळूहळू सुटे, आणि रोगी मधल्या दिवसांत आपल्या कामावर जाऊं शके. ही रीति भारतांतील अनेक रुग्णालयांनीं स्वीकारली. तिच्यांतही दोष आहेत. विशेषतः सायक्लोफॉस्फामाइडनें पुढें संतति होण्यास बाध येऊं शकतो, म्हणून तरुणांच्या बाबतींत विचार करावा लागतो. अलीकडे रिटुक्सिमॅब नांवाचें औषध आलें आहे. प्रतिपिंडें बनविणाऱ्या पेशी ज्या पेशींपासून तयार होतात, त्यांचाच तें नाश करितें. २०१७ सालीं फ्रान्समध्यें ९० रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हें औषध आरंभापासून मिळालेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ८९ जण दोन वर्षांच्या शेवटीं औषधावांचून रोगमुक्त होते. केवळ स्टेरॉइडवर असलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३४ होतें. २०१८ सालीं अमेरिकेच्या सरकारनें पेंफिगससाठीं त्यास मान्यता दिली.

आज आपल्या लोकांस ह्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. अंबाजोगाई, नांदेड व लातूर ह्या तिन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, व त्यांच्या रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञ भेटतात. पालकांनीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या अशी आमची विनंति आहे. तोंडांतील जखमा तीन आठवड्यांत भरून आल्या नाहींत, अथवा अंगावर कारण नसतां फोड येऊं लागले, तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें. फोडाच्या कडेचा त्वचेचा लहानसा तुकडा तपासून निदान होतें. दुकानांतून विचारून आणलेलें मलम किंवा गोळी देऊं नये. फोड दिसेनासे झाले म्हणून चालूं असलेलें स्टेरॉइड मनानें एकाएकीं बंद करूं नये, कारण त्यानें जीवास धोका होतो. आणि जखमांवर राख, चीक वा शेण कदापि लावूं नये. ह्या रोगांत जंतु शिरण्याइतकें भय दुसऱ्या कशाचेंच नसतें.

शुश्रूषा घरच्या माणसांच्या हातीं आहे. मऊ भात, वरण, ताक, अंडीं असें तिखट नसलेलें पण सकस अन्न द्यावें, कारण झिरपून गेलेलें सत्त्व भरून यावयाचें असतें. सुती, धुतलेली चादर असावी. चादर ओल्या जखमेस चिकटली म्हणजे रोग्यास मरणप्राय यातना होतात, त्यासाठीं केळीचें पान फार उपयोगी पडतें. मुंबईच्या डॉक्टरांनीं भाजलेल्या रोग्यांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांचा प्रयोग केला, व त्याचे चांगले निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. पान गार व गुळगुळीत असतें, जखमेस चिकटत नाहीं, व मोलही अल्प. नांदेड जिल्ह्यांतील अर्धापूरकडे केळींचे मळे आहेत. तेव्हां ही वस्तु आपल्या दाराशींच आहे. मात्र शेतांतील पान जसेंच्या तसें न वापरतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें निर्जंतुक करूनच घ्यावें.

शेवटीं विद्यार्थ्यांस दोन शब्द. ईयोबाची कथा आमच्या शाळेंत सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच्या सर्वांगास गळवें झालीं, तेव्हां त्याचे मित्र त्याचें समाधान करावयास आले आणि अखेर त्याच्याच पापाचा झाडा घेऊं लागले. कथेच्या शेवटीं दोष त्या मित्रांच्या पदरीं आला, ईयोबाच्या नव्हे. आजही अंगावर फोड पाहिले कीं पूर्वजन्मीचें पाप, कोणाचा शाप, कोणाची करणी, अशीं कारणें शोधणारे मित्र कमी नाहींत. पेंफिगसच्या रोग्यास त्याच्या जखमा दुखतात हें खरें. परंतु औषधानें जखम भरते, आणि आपल्याच माणसानें फिरविलेली पाठ भरून येण्यास औषध नाहीं. म्हणून तुमच्या वर्गांत, तुमच्या गल्लींत किंवा तुमच्याच घरांत असें कोणी असेल, आणि डॉक्टरांनीं रोगाचें हें नांव सांगितलें असेल, तर त्याच्या शेजारीं बसा. त्याच्या जखमेस धक्का लागूं नये इतकेंच जपा. आपल्यास कांहीं होईल ह्याचें भय बाळगूं नका. आणि ज्याचें अद्याप निदान झालें नसेल, त्याच्या घरच्या मंडळींस लवकर दवाखान्यांत जाण्यास सांगा. तुम्ही वाचावयास शिकलां आहां, त्याचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं.